झोपेच्या पायऱ्या

मुलांनो, तुम्ही कधी आजीबरोबर रात्रीच्या कीर्तनाला गेला आहात का? सुरुवातीला तुम्ही अगदी ताठ बसता. टाळ वाजत असतात. बुवा रंगात येऊन गोष्ट सांगत असतात. मग हळूहळू तुमच्या पापण्या जड होतात. मान पुढे झुकते आणि एकदम झटका बसून वर येते. तुम्ही दचकून इकडेतिकडे पाहता. आजी हसून विचारते, "झोप आली वाटतं?" तुम्ही म्हणता, "छे! मी तर जागाच आहे." पण बुवांची गोष्ट पुढे गेलेली असते. राजा रानात कधी गेला, राणी का रडते आहे, काहीच उमगत नाही. गोष्टीचा मधला एक तुकडा हरवलेला असतो.

तो तुकडा कोठे गेला? त्या वेळी तुम्ही झोपला होता, की जागे होता? कीर्तनात एक तुकडा हरवला, तर फारसे बिघडत नाही. आजीला विचारले की ती सांगते. पण असाच काही क्षणांचा तुकडा ट्रामगाडी चालवणाऱ्या माणसाचा हरवला, तर काय होईल?

इंग्लंडमध्ये लंडन शहराच्या दक्षिण भागात क्रॉयडन नावाची मोठी वस्ती आहे. तेथे २००० सालापासून विजेवर चालणारी ट्राम धावते. ट्राम म्हणजे रुळांवरून आणि भर रस्त्यातूनही जाणारी छोटी आगगाडीच. आपल्या मुंबईतही १९६४ पर्यंत ट्राम होती. घरात कोणी खूप वयस्कर माणूस असेल, तर त्याला विचारून पाहा. ट्रामची घंटा कशी वाजत असे, ते तो सांगेल.

९ नोव्हेंबर २०१६ची सकाळ होती. घड्याळात नुकतेच सहा वाजून गेले होते. तिकडे हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो, त्यामुळे बाहेर अजून काळोखच होता. पाऊसही पडत होता. कामावर निघालेल्या माणसांना घेऊन एक ट्राम चालली होती. वाटेत जुने बोगदे आहेत. बोगदे संपले की सँडिलँड्स या थांब्याच्या अलीकडे रूळ एकदम डावीकडे वळतात. हे वळण इतके तीव्र आहे, की तेथे ट्रामने ताशी २० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जायचे नाही, असा नियम होता. त्या सकाळी ट्राम वळणावर आली, तेव्हा तिचा वेग ताशी ७३ किलोमीटर होता. ब्रेक लागला, पण फार उशिरा. ट्राम रुळांवरून उतरून आडवी झाली. सात माणसे मृत्युमुखी पडली. साठाहून अधिक जखमी झाली.

चालक तर रोजचा होता. वळणही रोजचेच होते. मग असे का झाले?

इंग्लंडमध्ये अशा अपघातांची चौकशी करणारे एक सरकारी खाते आहे. त्या खात्याच्या माणसांनी वर्षभर तपास केला. ट्रामचे ब्रेक तपासले, रूळ तपासले, वेगाची नोंद पाहिली. त्यांचे मत असे पडले, की वळणाच्या आधी चालकाचे भान बहुधा काही काळ हरपले असावे. भान परत आले, तेव्हा काळोखात आपण नेमके कोठे आहोत, हे त्याला कळेना. भान हरपण्याचे एक संभवनीय कारण त्यांनी सांगितले, ते म्हणजे क्षणभराची डुलकी. पहाटेच्या पाळीमुळे झोप अपुरी राहिली, तर अशी डुलकी लागू शकते.

'बहुधा' आणि 'संभवनीय' हे शब्द नीट लक्षात घ्या. त्यांनी 'नक्की' असे म्हटले नाही. कारण डुलकी बाहेरून ओळखणे फार कठीण असते. माणूस बसलेलाच राहतो, हात दांड्यावरच राहतो. कधीकधी तर डोळेही उघडेच राहतात! डुलकी लागली, हे नक्की ठरवायचे असेल तर एकाच ठिकाणी पाहावे लागते. ते ठिकाण म्हणजे मेंदू.

पण झोपलेल्या माणसाच्या मेंदूत डोकावायचे कसे? त्याची हकिकत मोठी मौजेची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हान्स बर्गर नावाचा एक जर्मन तरुण सैन्यात शिक्षण घेत होता. एके दिवशी त्याचा घोडा अचानक बुजला आणि बर्गर खाली पडला, तो थेट तोफेच्या गाड्यापुढेच! गाडा अगदी थोड्या अंतरावर थांबला, म्हणून तो वाचला. त्याच दिवशी संध्याकाळी त्याला घरून तार आली. त्याची खुशाली विचारली होती. दूर गावी असलेल्या त्याच्या बहिणीला एकाएकी वाटले होते, की भाऊ संकटात आहे. म्हणून वडिलांनी तार केली होती.

बर्गरच्या मनात विचार आला, 'माझ्या मनातली भीती बहिणीपर्यंत कशी पोहोचली? मेंदूतून काही शक्ती बाहेर पडत असेल काय?' तो डॉक्टर झाला आणि ही शक्ती शोधण्यासाठी त्याने अनेक वर्षे खटपट केली. ती शक्ती त्याला काही सापडली नाही. बहिणीला तसे वाटणे, हा योगायोगच म्हणायचा. पण शोधता शोधता त्याच्या हाती दुसरेच धन लागले.

आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी आहेत. त्या एकमेकींना सतत निरोप पाठवतात. हे निरोप पाठवताना अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. सशाच्या आणि माकडाच्या मेंदूत अशी वीज असते, हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन या डॉक्टरांनी १८७५ मध्येच दाखवले होते. बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विजेची नोंद पहिल्यांदा घेतली. पुढे त्यांनी आपल्या मुलाच्या, क्लाउसच्या, डोक्यालाही तारा लावल्या. १९२९ मध्ये त्यांनी आपला शोध छापून प्रसिद्ध केला. पण त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही! केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या दोघा शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा कोठे लोकांना ते पटले. एड्रियन यांनी तर स्वतःच्याच डोक्याला तारा लावून घेतल्या होत्या.

ही वीज किती सूक्ष्म असते, ठाऊक आहे? विजेरीतल्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याचे ३०,००० भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढी! म्हणून यंत्राने ती खूप मोठी करून पाहावी लागते. या तपासणीला दवाखान्यात 'ईईजी' म्हणतात. डोक्याच्या कातडीवर छोट्या चकत्या चिकटवतात. त्यांच्या तारा यंत्राला जोडतात. पूर्वी यंत्रातून कागदाची पट्टी सरकत असे आणि तिच्यावर लेखणी वरखाली नाचत असे. आता संगणकाच्या पडद्यावर रेघा दिसतात. तपासणी मुळीच दुखत नाही. डोक्यात वीज सोडत नाहीत. तेथे असलेलीच वीज मोजतात, एवढेच. पूर्वीची पट्टी सेकंदाला १० मिलिमीटर सरकत असेल, तर आठ तासांच्या झोपेला किती कागद लागेल? गणित करून पाहा. उत्तर २८८ मीटर येते. रात्रभर जागून एवढा कागद सांभाळणाऱ्या त्या शास्त्रज्ञांना, स्वतःला झोप कधी मिळत असेल, देव जाणे!

पट्टीवर ज्या वरखाली रेघा उमटतात, त्यांना मेंदूच्या लहरी म्हणतात. तुम्ही आता हा पाठ वाचत आहात. तुमच्या मेंदूतल्या लहरी या क्षणी लहान, दाट आणि वेड्यावाकड्या आहेत. सेकंदाला १३ ते ३० वेळा त्या वरखाली होतात. आता डोळे मिटा आणि स्वस्थ बसा. लहरी थोड्या सावकाश आणि एकसारख्या होतील, सेकंदाला ८ ते १३. बर्गर यांना पहिल्यांदा याच लहरी स्पष्ट दिसल्या. त्यांना 'अल्फा' हे नाव त्यांनीच दिले. डोळे उघडले, की त्या बहुधा लगेच नाहीशा होतात.

मग झोप येते. आपल्याला वाटते, झोप म्हणजे दिवा विझवण्यासारखे आहे. कळ दाबली, की अंधार. पण तसे नाही. झोप म्हणजे विहिरीच्या पायऱ्या उतरण्यासारखे आहे. अमेरिकेतील आल्फ्रेड लूमिस या श्रीमंत गृहस्थांनी आपल्या बंगल्यातच प्रयोगशाळा थाटली होती. तेथे माणसांना रात्रभर झोपवून त्यांच्या लहरी नोंदवल्या गेल्या. १९३७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी या पायऱ्या पहिल्यांदा मांडून दाखवल्या. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांची मोजणी थोडी बदलली. आज तीन पायऱ्या मानतात आणि स्वप्नांची झोप वेगळी धरतात.

पहिली पायरी पेंगण्याची. अल्फा लहरी मोडतात. त्यांच्या जागी आणखी सावकाश लहरी येतात, सेकंदाला ४ ते ७. डोळे पापण्यांखाली संथपणे इकडून तिकडे फिरतात. ही पायरी बहुधा काही मिनिटांचीच असते. या वेळी कोणी हाक मारली, तर माणूस चटकन उठतो आणि 'मी जागाच होतो' असे शपथेवर सांगतो! कीर्तनात तुम्ही म्हणालात, तसेच. तुम्ही खोटे बोलला नव्हता. आपण झोपलो होतो, हे या पायरीवर आपल्यालाच कळत नाही.

दुसरी पायरी खऱ्या झोपेची. मोठ्या माणसांची जवळजवळ अर्धी रात्र या पायरीवर जाते. येथे लहरींमध्ये मधूनच एक गंमत दिसते. अर्धा-एक सेकंद दाट लहरींचा एक झुबका येतो. तो मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, सूत गुंडाळलेल्या टकळीसारखा. त्याला 'झोपेची चाती' म्हणता येईल. दिवसा शिकलेले पक्के करण्याच्या कामात या चात्यांचा वाटा असतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. कधीकधी एकच मोठी लहर उंच उसळते आणि खाली जाते. बाहेर भांडे पडले, कुत्रे भुंकले, तर अशी लहर हटकून येते. १९६० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी झोपलेल्या माणसांना हळू आवाजात निरनिराळी नावे ऐकवली. दुसऱ्यांच्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाला मेंदूने अशा लहरी अधिक वेळा दिल्या. माणूस झोपलेलाच होता, पण मेंदूचा पहारेकरी आपले नाव ओळखत होता. आईला ढगांचा गडगडाट ऐकूनही जाग येत नाही आणि बाळाने जरासे 'उं' केले की ती उठून बसते, हे तुम्ही घरी पाहिले असेलच.

तिसरी पायरी गाढ झोपेची. येथे लहरी फार सावकाश आणि फार उंच होतात. सेकंदाला एक-दोनच, पण डोंगरासारख्या! झोपेत मेंदू थकून पडत असेल, तर लहरी बारीक व्हायला हव्यात. मग त्या मोठ्या का होतात? त्यासाठी आपली शाळाच आठवा. मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीबाहेर उभे राहिलात, तर काय ऐकू येते? नुसता कलकलाट. प्रत्येक मूल वेगळे बोलते, म्हणून आवाजाला चढउतार नसतो. पण वर्ग भरल्यावर सगळी मुले एका सुरात पाढे म्हणू लागली, की आवाज चढतो, थांबतो, पुन्हा चढतो. जागेपणी मेंदूतल्या पेशी मधल्या सुट्टीतल्या मुलांसारख्या असतात. गाढ झोपेत असंख्य पेशी एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. म्हणून लहरी उंच दिसतात.

या पायरीवरून माणसाला उठवणे मोठे कठीण. तुम्ही लहान असताना गावाहून परत येताना गाडीत झोपी गेला असाल. बाबांनी तुम्हांला उचलून घरात आणले, अंथरुणावर ठेवले, आणि सकाळी तुम्हांला त्यातले काहीच आठवले नाही. तेव्हा तुम्ही याच पायरीवर होता. लहान मुलांना ही झोप मोठ्यांपेक्षा जास्त असते. शरीराची वाढ करणारा रस याच झोपेत भरपूर स्रवतो. म्हणून 'ढाराढूर झोपतोस' असे घरी कोणी म्हणाले, तर रागावू नका.

आता चौथी गोष्ट. ती सापडली ती एका आठ वर्षांच्या मुलामुळे. अमेरिकेतील शिकागो येथे यूजीन ॲसेरिन्स्की नावाचे एक विद्यार्थी झोपेचा अभ्यास करत होते. एका रात्री त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेत झोपवले. त्याच्या डोळ्यांजवळ चकत्या चिकटवल्या आणि आपण यंत्राजवळ बसले. काही वेळाने लेखण्या एकदम जोराने नाचू लागल्या. त्यांना वाटले, मुलगा जागा झाला. ते खोलीत जाऊन पाहतात तो काय, मुलगा शांत झोपलेला! पण मिटलेल्या पापण्यांखाली त्याची बुबुळे भराभर हलत होती. १९५३ मध्ये त्यांनी आणि त्यांचे गुरू क्लाइटमन यांनी हा शोध जाहीर केला. या वेळी माणसांना उठवून विचारले, तर ती बहुतेक वेळा म्हणत, 'मी स्वप्न पाहत होतो.' या झोपेला शास्त्रज्ञ 'आरईएम' म्हणतात. आपण तिला स्वप्नझोप म्हणू.

स्वप्नझोपेत मेंदूच्या लहरी जवळजवळ जागेपणासारख्याच असतात, लहान आणि दाट. मेंदू जागा असल्यासारखा कामात असतो, पण हातापायांचे स्नायू मात्र अगदी ढिले पडतात. ही फार शहाणपणाची सोय आहे. नाहीतर स्वप्नात पतंगामागे धावणारा मुलगा खरोखरच अंथरुणातून उठून धावला असता!

या पायऱ्या आपण एकदाच उतरत नाही. खाली गेलो, थोडे वर आलो, स्वप्नझोप झाली, पुन्हा खाली गेलो. अशी एक फेरी मोठ्या माणसांत साधारण ९० मिनिटांची असते. रात्रीत अशा चार ते सहा फेऱ्या होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते. पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नझोप लांबत जाते. आपल्या मराठीत पहाटेच्या झोपेला 'साखरझोप' असे गोड नाव आहे. ज्याने हे नाव ठेवले, त्याच्याजवळ यंत्र नव्हते. पण पहाटेची झोप निराळी असते, एवढे त्याला बरोबर कळले होते. पेंग, डुलकी, गुंगी, गाढ झोप, साखरझोप, असे किती शब्द आपल्याकडे आहेत!

आता पुन्हा क्रॉयडनकडे जाऊ. पहाटेच्या पाळीच्या चालकाला ही साखरझोप मोडूनच उठावे लागते. रात्री तो उशिरा झोपला असेल, तर त्याच्या शेवटच्या फेऱ्या राहूनच जातात. तुम्ही म्हणाल, 'मग रात्री लवकर झोपावे!' पण संध्याकाळी सातला अंथरुणावर पडून पाहा. झोप येत नाही. कारण शरीराचे स्वतःचे एक घड्याळ असते आणि ते पाळीचे वेळापत्रक वाचत नाही. ते घड्याळ पहाटेच्या वेळी 'झोप, झोप' असेच सांगत असते.

राहिलेली झोप मेंदू विसरत नाही. वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखी तो ती मांडून ठेवतो. १९६४ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील एका शाळकरी मुलाचा जागरणाचा प्रयोग पार पडला. तो सलग अकरा दिवस जागा राहिला होता. शेवटी शेवटी त्याला साधी वजाबाकीही जमेना. नंतर तो झोपला, तो सुमारे चौदा तास. तुम्ही मात्र असे काही करू नका. विक्रमांची नोंद करणाऱ्या प्रसिद्ध पुस्तकानेही, धोका ओळखून, जागरणाचे विक्रम नोंदवणे पुढे बंद केले.

उधारी फार झाली, की मेंदू परवानगी विचारत नाही. जागे राहण्याची कितीही धडपड करा, तो मधूनच काही सेकंद झोपून घेतो. प्रयोगशाळेत तारा लावून बसवलेल्या माणसांत हे स्पष्ट दिसते. माणूस समोर पाहत असतो, बोटे कळेवर असतात. एकाएकी पट्टीवर जागेपणाच्या लहरी मोडतात आणि पहिल्या पायरीच्या सावकाश लहरी येतात. तीन सेकंद, पाच सेकंद, कधी पंधरा सेकंद. मग लहरी पुन्हा पूर्ववत होतात. तेवढ्या वेळात समोर दिवा लागला, तरी त्याला दिसत नाही. आणि विचारले तर तो म्हणतो, 'मी जागाच होतो.'

डॉल्फिनला अशी अडचण नसते. तो आपला अर्धा मेंदू झोपवतो आणि उरलेल्या अर्ध्या मेंदूने जागा राहून पोहतो. माणसाला ही कला येत नाही.

पाच सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटते ना? गणित करू. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर जाते. पाच सेकंदांत १०० मीटर. पुष्कळ शाळांचे मैदानही एवढे लांब नसते. एवढे अंतर ती गाडी कोणाच्याही नजरेशिवाय धावते.

चालकाने दांड्यावरचा हात सोडला, तर ट्राम आपोआप थांबावी, अशी योजना तेथे होती. पण लहानशा डुलकीत हात सुटतोच असे नाही. त्या सकाळी चालकाच्या डोक्याला तारा लावलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्याच्या मेंदूत काय झाले, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता आले नाही. २०२३ मध्ये त्याच्यावरचा खटला चालला आणि पंचांनी त्याला निर्दोष ठरवले. ट्रामची व्यवस्था पाहणाऱ्या दोन संस्थांनी त्याआधी, २०२२ मध्येच, आपली चूक न्यायालयात मान्य केली होती. त्यांना मोठा दंड झाला. मला हे महत्त्वाचे वाटते. झोप येणे हा गुन्हा नाही. कोणालाही भूक लागते, तहान लागते, तशीच झोपही येते. पण ती येणारच, हे धरून ज्यांनी तजवीज करायला हवी, त्यांनी ती आधी करायला नको का?

आता ती तजवीज झाली आहे. क्रॉयडनच्या ट्रामचा सर्वांत जास्त वेग ताशी ८० किलोमीटरवरून ७० वर आणला. वळणांवर दुरून चमकणाऱ्या खुणा लावल्या. २०१७ पासून चालकाच्या समोर एक छोटे यंत्र बसवले आहे. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने चालकाच्या पापण्यांवर लक्ष ठेवते. पापण्या नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेल्या राहिल्या, की भोंगा वाजतो आणि चालकाचे आसन थरथरू लागते. त्यानंतर आणखी एक सोय झाली. धोक्याच्या जागी ट्राम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने आली, तर ब्रेक आपोआप लागतात.

आपल्या रेल्वेच्या इंजिनांतही असाच एक पहारेकरी असतो. चालकाने सुमारे ६० सेकंद कोणतीच कळ, दांडा किंवा ब्रेक हलवला नाही, तर समोर दिवा लुकलुकतो. तरीही हालचाल झाली नाही, तर भोंगा वाजतो. भोंग्यालाही उत्तर आले नाही, तर यंत्र स्वतःच ब्रेक लावून गाडी थांबवते. आगगाडीत तुम्ही वरच्या फळीवर गाढ झोपेच्या तिसऱ्या पायरीवर असता, तेव्हा पुढे इंजिनात दर मिनिटाला कोणीतरी 'मी जागा आहे' असे यंत्राला सांगत असते.

एस.टी.च्या रातराणीने कधी प्रवास केलात, तर मध्यरात्री गाडी थांबते तेव्हा खिडकीतून पाहा. चालक खाली उतरून तोंडावर पाण्याचे हबके मारतो. वाफाळलेला चहा घेतो. पाय मोकळे करतो. कोणी झोपमोड झाली म्हणून कुरकुरते, 'किती वेळ थांबली गाडी!' तुम्ही कुरकुरू नका. आणि गाडीत एखाद्या आईच्या मांडीवर तान्हे बाळ झोपलेले असेल, तर त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे जरा निरखून पाहा. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप स्वप्नझोपच असते. पापण्यांखाली बुबुळे इकडून तिकडे पळताना दिसतील. आठ वर्षांच्या त्या मुलाच्या बापाने शिकागोत जे पाहिले, तेच तुम्हांला दिसेल, तेही यंत्रावाचून.